अडकलेला ध

प्रिय ईरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बाबा भांडी पुसताना नेहमी एकच ट्यून गुणगुणतो आणि मधेच थांबतो. तिथे काहीतरी राहिलंय ना?" मागून तुमचा बाबा ओरडला, "आईला विचारा, ती नीट सांगेल." नीट म्हणजे पहिल्यापासून, एकापुढे एक. तसं सांगायला मी बसलेही. पण ज्या माणसाची ही गोष्ट आहे तो आयुष्यात कधी एकापुढे एक वागला नाही. म्हणून जसं आठवतंय तसं लिहिते. शब्द अडला तर बाबाला विचारा, त्या भाषांतराच्या ॲपला विचारू नका. मागे त्याने 'वरण'चं भलतंच काहीतरी करून ठेवलं होतं.

त्यांना आम्ही पेटीमास्तर म्हणायचो. पेटी म्हणजे हार्मोनियम. तुमच्या पियानोची ही धाकटी बहीण. उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या आणि डाव्या हाताने मागचा भाता हलवून तिला श्वास द्यायचा. मास्तर मूळचे मिरजेकडचे. दिल्लीत एका शाळेत संगीत शिकवायला आले, निवृत्त झाले आणि परत गेलेच नाहीत. लाजपतनगरमध्ये एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचे. अशा खोलीला इथे बरसाती म्हणतात. उन्हाळ्यात तिथे तव्यावर बसल्यासारखं व्हायचं. "कूलर घ्या ना, मास्तर," असं म्हटलं की म्हणायचे, "वहिनी, दमट हवेने पट्ट्या फुगतात. मला घाम आला तर टॉवेल आहे. तिला टॉवेल नाही."

'ती' म्हणजे अर्थात पेटी. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि कुणी विचारलं तर पेटीकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणायचे, "शू. तिला ऐकू जाईल."

किडकिडीत अंग, सदऱ्याच्या वरच्या खिशात एक बारीक कानस आणि एक पक्ष्याचं पीस. कानशीने ते पट्ट्या घासायचे आणि पिसाने सुरांमधली धूळ काढायचे. चालताना पीस खिशातून वर डोकवायचं. आमच्या कॉलनीतली मुलं त्यांना कोंबडा म्हणायची हे त्यांना माहीत होतं. एकदा त्यांनी जिन्यात खरोखरीच बांग दिली, तीही काळी दोनच्या सुरात, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर मुलं त्यांना चिडवेनाशी झाली. त्यात मजाच उरली नाही.

मेट्रोतला प्रसंग सांगितला नाही तर ते तुम्हाला दिसणार नाहीत. आम्ही दोघं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाहून परत येत होतो. त्यांच्या हातात रजईत गुंडाळलेली पेटी. सुरक्षा जवान म्हणाला, "बाबाजी, सामान बेल्ट पर."

"सामान नहीं है, बाजा है."

"जो भी है, मशीन में डालो."

"इसके पेट का फोटो नहीं निकालने का. सूर हिल जाएगा."

"एक्सरे से सुर हिलता है?"

"तुम्हारा निकाला है कभी? हिले नहीं थे?"

मागे रांग तुंबली. कुणीतरी "अंकल, यार, ऑफिस है" म्हणून ओरडत होतं. मी एका खांबावरचा नकाशा अतिशय मन लावून वाचत होते, जणू या गृहस्थांना मी ओळखतच नाही. शेवटी जवान वैतागून म्हणाला, "ठीक है, बजा के दिखाओ. बजा तो बाजा, नहीं तो बेल्ट." मास्तर तिथेच फरशीवर मांडी घालून बसले आणि वाजवू लागले. जवान हरियाणाचा होता. थोड्या वेळाने तो वाकून विचारत होता, "रागनी आती है, बाबाजी? हमारे गाँव वाली?" मास्तरांना ती येत नव्हती. पण त्याने गुणगुणली तशी त्यांनी वाजवली. पेटी यंत्रात गेली नाहीच. एरवी घाईत असलेल्या दिल्लीने चक्क टाळ्या वाजवल्या, आणि मास्तर मला म्हणाले, "वहिनी, नकाशा पाठ झाला का?"

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुमचा बाबा, म्हणजे आमचा मिलिंद, सात-आठ वर्षांचा असताना मास्तर आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्याला शिकवायला यायचे. तुमच्या आजोबांची एक जुनी पेटी होती. मास्तरांची शिकवायची पद्धत अशी, की पहिला महिना पट्ट्यांना हातच लावायचा नाही. फक्त भाता. आत, बाहेर. आत, बाहेर. मिलिंद रडकुंडीला यायचा. "आई, हे गाणं नाहीये, हा व्यायाम आहे!" मास्तर म्हणायचे, "ज्याला श्वास देता येत नाही त्याने बोलायला लावू नये." मग त्यांनी स्वतः बांधलेला एक छोटासा तुकडा शिकवला. सा रे ग, प ग, प ध सां. आणि मग पायऱ्या उतरल्यासारखं खाली, प ग रे सा. बस, एवढंच.

पण आमच्या पेटीचा 'ध' पावसाळ्यात फुगायचा. ती पट्टी दाबली की खालीच राहायची आणि भाता चालू असेपर्यंत रडत बसायची. मिलिंदने त्याच्यावर आपला उपाय काढला. 'ध'च्या जागी यायचं, पट्टी दाबायची नाही, नुसता भाता एकदा रिकामा हलवायचा आणि वरच्या 'सां'वर उडी मारायची. मास्तरांनी कानशीने पट्टी घासून दिली. ऑक्टोबर आला, हवा कोरडी झाली, 'ध' फुलासारखा वर यायला लागला. मिलिंद तरी त्याला शिवेना. मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, "वहिनी, पेटी बरी झाली. पोरगं नाही."

झालं. बाबा मधेच का थांबतो, ते तुम्हाला कळलं. पण गोष्ट इथे संपली असती तर ती फोनवरही मावली असती.

मास्तरांच्या बरसातीच्या खालच्या मजल्यांवर अफगाणिस्तानातून उपचारासाठी आलेली कुटुंबं भाड्याने राहायची. तो भाग अजून तसाच आहे. कोपऱ्यावर त्यांच्या नानचं दुकान, लांब लांब होड्यांसारखी नान. एकदा तिथे एक वृद्ध गवई डोळ्यांच्या ऑपरेशनला आले. डोळ्यांवर पट्टी, वरून येणारे पेटीचे सूर ऐकत पडलेले. एका सकाळी नातवाचा हात धरून चार जिने चढून वर आले आणि दारातच म्हणाले, "आपका पंचम थोड़ा थका हुआ है." मास्तरांच्या सुराला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. त्यांनी पेटी उघडली, तपासली आणि उस्तादांच्या पाया पडले. पंचम खरंच किंचित उतरला होता.

त्या उस्तादांनी काबूलमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे दुपारी रस्त्यावरची मुलं यायची. त्यांना जेवण मिळायचं आणि थोडं गाणं. युद्ध तिथे तुमच्या बाबाच्या जन्माआधीपासून चाललेलं. बाप गेलेली, घर गेलेली मुलं सिग्नलवर उभी राहायची. मास्तर पहिल्यांदा गेले ते "उस्तादांच्या पेट्या दुरुस्त करून येतो" म्हणून. आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडलो. तुमचे आजोबा म्हणाले, "अहो, तिथे बॉम्ब फुटतात!" मास्तर म्हणाले, "विमानाने काबूल पुण्याएवढंच लांब आहे. आणि पुण्यात पेटी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत."

मग ते दर वर्षी जायला लागले, आणि प्रत्येक वेळी जास्त दिवस राहायला लागले.

तिथल्या गोष्टी ते सांगायचे त्या मला सगळ्या आठवत नाहीत. एक पक्की आठवते. काबूलच्या रस्त्यांवर मुलं पत्र्याचा डबा तारेला बांधून हलवत फिरतात. डब्यात निखारे आणि त्यावर कसल्याशा बिया. त्याचा धूर गाडीवर, माणसांवर फिरवायचा म्हणजे दृष्ट लागत नाही. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो ना, तुम्ही इथे येता तेव्हा मी दारातच ओवाळते आणि नील शिंकतो, तसंच. लोक मग मुलांना चार पैसे देतात. मास्तर म्हणाले, "वहिनी, मिलिंदला जे महिनाभरात जमलं नाही ते या पोरांना पहिल्या दिवशी आलं. दिवसभर डबा हलवून मनगट तयार! मी भाता हातात दिला, आणि पेटी अशी श्वास घ्यायला लागली, की माझ्या हाताखाली कधी घेतली नसेल."

पण पट्ट्यांना हात लावायच्या आधी हात धुवायचे, हा त्यांचा नियम काबूलमध्येही होता. मुलांचे हात धुराने काळे. थंडी कडाक्याची. म्हणून मास्तर बंबात पाणी तापवून ठेवायचे. "खरं सांगू? पहिल्या हिवाळ्यात पोरं गरम पाण्यासाठी यायची. हात बुडवून तशीच उभी राहायची. सुराचं नंतर."

आणखी एक. एकदा शिकवताना जवळच कुठेतरी स्फोट झाला. खिडकीची काच आत आली. मास्तरांचा हात भात्यावरच थिजला. शेजारी बसलेल्या लहानशा मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, स्वतःचा हात पुढे करून भाता हलवला आणि उस्तादांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "उस्ताद, आप रुक गए." हे सांगताना ते हसायचे, पण दर वेळी चष्मा पुसायचे.

तिथे पेट्या कमी पडत होत्या. आणि दिल्लीतल्या मराठी घरांत त्या धूळ खात पडल्या होत्या. केंद्र सरकारात नोकरी करणारी आपली माणसं. मुलीच्या लग्नाआधी हौसेने पेटी घ्यायची, मग ती कपाटावर जायची आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतताना 'हिचं काय करायचं' असा प्रश्न पडायचा. मास्तर अशा घरी पोहोचायचे. बदलीची बातमी त्यांना आमच्याआधी लागायची.

पण पेटी ते अशी उचलून नेत नसत. त्यांची अट होती. "घरातल्या माणसाने शेवटचं एकदा वाजवून दाखवायचं. मुकी पेटी मी नेत नाही." जे वाजवलं जाईल ते मास्तर ऐकून घेत, आणि काबूलमध्ये ती पेटी ज्या मुलाला मिळेल त्याला पहिला धडा तोच. त्यामुळे तिथल्या मुलांना कुणाच्या घरातली आरती येत होती, कुणाची अंगाई, कुणाचं अर्धवट राहिलेलं लग्नातलं गाणं.

एका मोठ्या साहेबांकडे मी बरोबर होते. पत्नी नुकतीच वारली होती, पेटी तिची. साहेब म्हणाले, "मला काहीही येत नाही. प्लीज, तुम्ही घेऊन जा."

"मग राहू दे इथेच," मास्तर उठले.

"अहो, मी आयुष्यात फायली केल्या! पेटी काय वाजवू?"

"एक पट्टी दाबा. कुठलीही."

साहेबांनी बराच वेळ पेटीकडे पाहिलं. मग एक पट्टी दाबली आणि सोडलीच नाही. मास्तर भाता हलवत राहिले. चहा घेऊन आलेली सून दारातच उभी राहिली. एकच सूर, किती वेळ कोण जाणे. शेवटी साहेबांनी बोट उचललं आणि म्हणाले, "ती गायला बसली की आधी हा धरायची." मास्तर म्हणाले, "मग हाच शिकवतो."

आमची पेटी गेली ती तुम्ही परदेशी राहायला जायच्या आधीच्या आठवड्यात. ईरा, तू तेव्हा दोन वर्षांची होतीस आणि बॅगेत बसून कपडे बाहेर फेकत होतीस. नील अजून यायचा होता. मास्तर आले. मिलिंद म्हणाला, "मास्तर, मला आता काही येत नाही हो."

"जे विसरला नाहीस ते वाजव."

त्याने तोच तुकडा वाजवला. बाहेर मे महिना, हवा भाजणारी, 'ध' अगदी मोकळा. तरी त्या जागी त्याने भाता रिकामा हलवला आणि 'सां'वर उडी मारली. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंत? इंजिनियर झाला. बरा नाही झाला." मग पेटीला रजई गुंडाळताना पुटपुटले, "असंच शिकवावं लागणार. माझाच नियम."

त्यानंतर काही वर्षांनी काबूल पडलं तो ऑगस्ट आला.

मास्तरांकडे साधा फोन होता, त्यामुळे काबूलचे व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर यायचे. तुमचे आजोबा तोवर गेले होते आणि मी या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. मास्तर सकाळीच आले, न कळवता. टीव्हीवर काबूलचा विमानतळ दिसत होता. माणसं विमानामागे धावत होती. आम्ही दोघं फोन मधे ठेवून बसलो. दुपारी उस्तादांचा कॉल आला. मागे भिंतीला लागून पेट्या मांडलेल्या होत्या. उस्ताद म्हणाले, मुलांना घरी पाठवलंय. आता संगीत चालणार नाही. ज्या घरात वाद्य सापडेल त्या घराचं काय होईल ते सांगता येत नाही. "तहख़ाने में छुपा दूँ? ज़मीन में गाड़ दूँ?"

ज्या माणसाने मेट्रोच्या पट्ट्यावर पेटी ठेवू दिली नव्हती, त्या माणसाकडे मी बघत होते.

"जला दो," ते म्हणाले.

"क्या कह रहे हैं आप?"

"सब जला दो. तंदूर में. आज ही. छुपाओगे तो बच्चे ढूँढने आएँगे. बच्चे हैं, रुकेंगे नहीं." मग म्हणाले, "उनसे कहना, हाथ मत भूलना."

उस्ताद रडत होते. मास्तर रडले नाहीत. कॉल तुटला. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "साहेबांची पेटी सागवानी होती. तुमचीही. नान चांगली भाजेल." नंतर तो नंबर कधी लागला नाही.

घरी जाऊन त्यांनी आपली पेटी रजईत गुंडाळली, वर दोरी बांधली आणि पलंगाखाली ढकलली. "तिकडचं एखादं पोर सुखरूप आहे असं कळेपर्यंत उघडणार नाही." गणपतीत मंडळाच्या लोकांनी हात जोडले. मास्तर आरतीला आले, मागे उभे राहिले, टाळ्याही वाजवल्या. पण पेटीला हात लावला नाही. कुणीतरी मोबाईलवर आरती लावली. त्यांनी कानात बोटं घालायचं तेवढं टाळलं.

मी त्यांना म्हटलं, "मास्तर, व्यवस्थित शोध घेऊ. मुलांची नावं द्या, मी इंग्रजीत अर्ज लिहिते. निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना भेटू. फोटो लावू."

"नावं नाही द्यायची. नाव चुकीच्या हातात पडलं तर मागे राहिलेल्यांना त्रास."

"मग शोधणार कसे?"

"गाऊन," ते म्हणाले.

आणि खरंच तसं सुरू केलं. दर शुक्रवारी त्या नानच्या दुकानापाशी उभे राहायचे, कारण काबूलहून आलेलं प्रत्येक कुटुंब कधी ना कधी तिथे नान घ्यायला येतंच. तिथे मिलिंदचा तुकडा गुणगुणायचे. सा रे ग, प ग, प... आणि मग गप्प. "सगळी गाणी गाऊन चालणार नाही, वहिनी. आरती कुणीही शिकलेला असेल. 'ध' गाळणारी पोरं मात्र माझीच." अनोळखी माणसाने सूर पुढे नेलाच तर तो 'ध' घेणार. ज्याला ठाऊक आहे तोच ती जागा मोकळी सोडून 'सां' घेणार. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, सरकारी पत्रव्यवहारात आयुष्य घालवलं, पण मला ही परीक्षा सुचली नसती.

कधीकधी मीही जायची. गुरुग्रामहून मेट्रोने, आयएनएला गाडी बदलून. त्यांना एकट्याला तिथे उभं ठेवणं बरं वाटायचं नाही. नानवाला तरुण होता, हिंदी फर्डी. "चाचा, आज फिर आधा गाना? पूरा कब सुनाओगे?"

"पूरा करने वाला आएगा."

"तब तक मेरे ग्राहक भाग जाएँगे."

"तेरे नान अच्छे हों तो कोई नहीं भागेगा. पिछले हफ़्ते वाले जले थे."

"आपके गाने से जले थे, चाचा!"

असे दोन हिवाळे गेले. मास्तर खंगले. जिने चढताना प्रत्येक मजल्यावर बसायला लागले. मला वाटायचं, आता यांना सांगावं, पुरे. सांगितलं नाही, कारण मग शुक्रवारी त्यांनी काय केलं असतं?

त्या दिवशी रांगेत एक बाई उभी होती. डोक्यावर शाल, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात गरम नान, ती एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. मास्तर नेहमीसारखे गुणगुणले. सा रे ग, प ग, प. आणि गप्प.

मुलीने नान आईच्या हातात दिली. डावा हात पुढे केला, हवेतच एकदा हलवला, आत, बाहेर. आणि बारीक आवाजात वरचा 'सां' घेतला. मग प ग रे सा.

मास्तर खाली बसले. फूटपाथवरच. मी धरायला गेले तर म्हणाले, "मला काही झालं नाही. तिला विचारा. तिला विचारा!"

मुलीला हिंदी येत नव्हती. नानवाल्याने तंदूर सोडून दुभाष्याचं काम केलं.

"पूछ, किसने सिखाया?"

"कहती है, बड़े भाई ने. रज़ाई के अंदर. धीरे-धीरे."

"भाई कहाँ है?"

आईने आधी मुलीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. नानवाला हळू आवाजात म्हणाला, "वहीं है. ज़िंदा है. वीज़ा इन दोनों को ही मिला, बच्ची के दिल का इलाज है. कहती है, भाई गली के और बच्चों को भी सिखाता है. मुँह बंद करके."

मास्तरांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "पूछ, पेटी बजाती थी?"

नानवाल्याने विचारलं. मुलगी गोंधळली. "पूछ रही है, पेटी क्या?"

"तो हाथ क्यों हिलाती है?"

मुलीला हा प्रश्न अगदी बावळट वाटला असावा. नानवाला हसत म्हणाला, "कहती है, गाना ऐसे ही होता है. हाथ हिलाए बिना कैसे गाएँगे?"

तिने पेटी कधी पाहिलीच नव्हती.

आम्ही सगळे वर बरसातीत गेलो. नानवालाही आला, दुकान उघडं टाकून. मास्तरांनी दोरी सोडायला मला सांगितलं. पण आधी विजेच्या बंबाचं बटण दाबलं. गरम पाण्याने मुलीचे हात धुतले, टॉवेलने पुसले आणि तिला पेटीसमोर बसवलं. तिचा डावा हात भात्यावर ठेवला. तिने तो हवेत हलवायची तसाच हलवला, आणि पेटीने श्वास घेतला. मुलगी दचकून मागे सरकली. मग आईकडे बघून हसली. आपला हात इतके दिवस कशाला हलत होता, ते तिला तेव्हा कळलं.

मास्तर स्वतः मात्र वाजवत नव्हते. म्हणाले, "एकाचं कळलं. बाकीच्यांचं कुठे कळलंय?"

ती मुलगी दिल्लीत होती तोवर रोज यायची. हळूहळू उपचार पूर्ण झाले, ती धावायला लागली. मग त्यांना युरोपातल्या एका देशात आसरा मिळाला. कुठल्या, ते मी लिहिणार नाही आणि तिचं नावही नाही. मास्तरांचा नियम. निघायच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली तेव्हा मास्तरांनी पेटी रजईवर ठेवली होती. "ही तिची," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, तुमची एकुलती एक?"

"माझ्यासाठी आता गुणगुणणं पुष्कळ झालं."

नानवाल्याने पेटी उचलायला हात घातला. मीच त्याला थांबवलं. "मास्तर, मुकी पेटी नेत नाहीत ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एरवी मी घाबरले असते. मग बसले. किती दिवसांनी ती बोटं पट्ट्यांवर आली. मला वाटलं, आता मोठा राग सुरू करतील. त्यांच्यासारखं वाजवणारं दिल्लीत कुणी नव्हतं. मी घाईघाईने तुमच्या बाबाला फोन लावला आणि तो पेटीपाशी धरला.

त्यांनी मिलिंदचा तुकडा वाजवला. सा रे ग, प ग, प. पेटी नुकतीच साफ केलेली, सगळ्या पट्ट्या मोकळ्या. 'ध'च्या जागी मास्तरांनी भाता एकदा रिकामा हलवला, आणि वरच्या 'सां'वर गेले.

फोनमधून तुमचा बाबा म्हणाला, "आई, तो 'ध' अजून अडकतोच का?"

मास्तरांनी ऐकलं. खिशातलं पीस काढून मुलीच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, "त्याला म्हणावं, अडकू दे."

मास्तर या थंडीत गेले. त्यांच्या खोलीत आता कुणी विद्यार्थी राहतो, आयएएसचा अभ्यास करणारा. कानस माझ्याकडे आहे, तुम्ही याल तेव्हा दाखवीन.

आणि एक काम सांगते. तिकडे कधी बसमध्ये, शाळेत, कुठल्या बागेत कुणी हे गुणगुणताना ऐकू आलं आणि ते मधेच थांबलं, तर नाव-गाव काही विचारू नका. मधली जागा भरायलाही जाऊ नका. डावा हात एकदा हलवा, थांबा आणि मग वरचा 'सां' घ्या.

तुमची,
आजी